मोठ्यांच्या संघात खेळणारी मुलं : वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपून पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे एकाच जातीची पत्रं येऊ लागतात. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आत, संघातले बाकी सगळे मोठे, आणि घरात दोन मतं. या वेळचा सगळा रकाना त्याच पत्रांना दिला आहे.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, मध्यमगती गोलंदाजी करतो. क्लबने त्याचं नाव कांगा लीगच्या संघात घातलं आहे. बाकीचे खेळाडू २५ ते ४० वयाचे. सर म्हणतात, मोठ्यांत खेळल्याशिवाय पोरगं तयार होत नाही. पाठवू का?
— एक वडील, ठाणे

सरांचं म्हणणं खोटं नाही. मुंबईतली ही क्रिकेट स्पर्धा, कांगा लीग, १९४८ साली सुरू झाली, आणि भर पावसातल्या त्या ओल्या खेळपट्ट्यांवर शाळकरी मुलं मोठ्यांच्या बरोबरीने खेळत आली आहेत. पाठवा. पण पहिल्या सामन्याआधी कप्तानाशी स्वतः जाऊन तीन गोष्टी पक्क्या करा: तो किती षटकं टाकणार, कुठे उभा राहणार आणि डोक्यावर काय घालणार. सरांमार्फत निरोप धाडू नका. मैदानावर चेंडू कुणाच्या हातात द्यायचा हे कप्तान ठरवतो, सर नाही.

आधी षटकं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान आणि मध्यमगती मुलांसाठी वयानुसार मर्यादा घातल्या, त्या आपल्याकडेही सोयीच्या आहेत. १३ वर्षांखालील मुलाने सलग ५ आणि दिवसभरात १० षटकं. १४ व १५ वर्षांखालील गटात सलग ६, दिवसाला १२. १६ व १७ वर्षांखालील गटात सलग ७, दिवसाला १८. एक स्पेल, म्हणजे सलग टाकलेली षटकं, झाला की त्याच टोकाकडून तेवढीच षटकं पडेपर्यंत पोराच्या हातात चेंडू द्यायचा नाही.

कागदावर हे सोपं आहे. बिघडतं ते बेरजेत. शाळेचे सर गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धेची षटकं मोजतात, कोचिंगवाले सकाळच्या नेटमधले चेंडू मोजतच नाहीत, आणि क्लबच्या कप्तानाला या दोघांची खबर नसते. दर आठवड्याला तिन्ही मिळून किती चेंडू पडले, याची वही घरात तुम्हीच ठेवा. नेटमधले धरून. दोन्ही मुख्य गोलंदाज दमलेत, ओल्या विकेटवर पोराचा चेंडू उसळतोय, अशा वेळी ‘अजून एक टाक रे’ म्हणण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि चौदा वर्षांचा मुलगा चाळिशीतल्या कप्तानाला ‘नको’ म्हणत नाही. तेव्हा मर्यादा पाळण्याचं काम पोरावर सोडू नका. स्कोअररला सांगून ठेवा, सहावं षटक संपलं की त्याने हाक मारायची.

वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांची हाडं पुरती पक्की झालेली नसतात. गोलंदाजी करताना पाठ एकाच वेळी मागे वाकते आणि पिळली जाते, हे हजारदा झालं की मणक्याच्या कमानीला बारीक तडा जातो. कंबर एका बाजूला दुखते, उजव्या हाताच्या गोलंदाजाची बहुधा डावीकडे. एका पायावर उभं राहून मागे वाकलं की कळ येते, विश्रांतीत जरा बरं वाटतं. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. अशा दुखण्यावर स्प्रे मारून खेळवू नका. वेळीच पकडलं तर काही महिने गोलंदाजी बंद ठेवून भागतं. रेटलं तर दोन्ही बाजूंना तडा जातो.

क्षेत्ररक्षणाचं. सर्वांत ज्युनियरला फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभं करायचं, ही आपली जुनी रीत आहे आणि ती वाईट आहे. मोठा माणूस पूर्ण ताकदीने पुल मारतो तेव्हा त्या अंतरावर कुणाच्याही हातात वेळ नसतो, पोराच्या तर नाहीच. इंग्लंडच्या नियमात १५ वर्षांखालील मुलाने मधल्या यष्टीपासून ८ यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ७.३ मीटर, उभं राहायचं नाही. १३ वर्षांखालील असेल तर ११ यार्ड, म्हणजे सुमारे १० मीटर. ऑफच्या बाजूला यष्टींच्या मागच्या जागा, म्हणजे स्लिप-गली, तेवढ्या वगळल्या आहेत. हेल्मेट घातलं म्हणून हे अंतर कमी होत नाही.

आझाद मैदान किंवा क्रॉस मैदानासारख्या ठिकाणी आणखी एक गोम आहे. आपला डीप मिडविकेट शेजारच्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ पाठ करून उभा असतो. नव्या पोराला त्या जागी पाठवू नका. दोन्हीकडे कान ठेवायला सवय लागते.

हेल्मेट घेताना आत ‘बीएस ७९२८:२०१३’ हे मानक लिहिलं आहे का बघा. मुलांच्या मापाचं घेत असाल तर ते दोन्ही चेंडूंवर तपासलेलं हवं. १३ वर्षांखालच्यांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा, मोठ्यांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. तुमच्या मुलाच्या वाट्याला आता मोठाच येणार. जाळी आणि वरच्या पट्टीमधून चेंडू आत घुसता कामा नये, आणि एकदा जोराचा फटका बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. यष्टिरक्षक म्हणून तो यष्टींना लागून उभा राहणार असेल तर तेव्हाही हेल्मेट हवंच.

डोक्याला लागून तो गोंधळला, मळमळलं, तेच तेच विचारू लागला, उजेड सोसेना, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी नाही. आणि त्याला लोकलने एकट्याला घरी धाडू नका.

आमच्या क्लबचा मैदानावर एकच तंबू आहे. सगळे तिथेच कपडे बदलतात. मुलांची वेगळी सोय करायला जागाच नाही.
— एका क्लबचे चिटणीस, दादर

जागा नसेल तर वेळ वाटून घ्या. आधी दहा मिनिटं मुलं, मग मोठे. मुलांच्या वेळेत एकही मोठा आत नाही, ‘फक्त बॅट घ्यायला आलो’ म्हणूनही नाही. अंघोळीचंही तसंच. बरीच मुलं घरूनच पांढऱ्या कपड्यांत येतात, त्यांना हसू नका. तंबूत कुणीही, कोणत्याही वयाच्या माणसाने, मोबाइलवर फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही. विजयानंतरचा ग्रुप फोटो बाहेर, सगळे कपड्यांत असताना.

आमच्या गावच्या मंडळाच्या कबड्डी संघात १६ वर्षांचे तीन चढाईपटू आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरगावच्या स्पर्धा असतात, रात्रीचे सामने, मुक्काम शाळेच्या वर्गात. पालक विश्वासाने पाठवतात. आम्ही काय काळजी घ्यावी?
— मंडळाचे एक कार्यकर्ते, अलिबाग तालुका

विश्वास आहे म्हणूनच तो कागदावर घ्या. प्रत्येक मुलाच्या पालकांकडून स्पर्धागणिक एक चिठ्ठी: कुठे, कोणत्या तारखा, कोणत्या गाडीने, परत कधी, मुलाला दमा-ॲलर्जी-फिट असं काही आहे का, रक्तगट, रात्री उचलला जाणारा फोन नंबर. तिच्याच खाली मंडळाच्या दोन जबाबदार मोठ्यांची नावं. हे दोघे शक्यतो न खेळणारे असावेत. ज्याला सामना खेळायचाय त्याला रात्री साडेअकराला पोरगं कुठे गेलं हे बघायला वेळ नसतो. जन्मतारीख आधार कार्डावरून किंवा शाळेच्या दाखल्यावरून स्वतः बघून वहीत लिहा. स्पर्धेत नाव बसावं म्हणून कुणी वय फिरवलं असेल, तरी तुमच्या वहीत खरंच वय हवं. पुढची सगळी काळजी त्या आकड्यावर उभी आहे.

मुक्काम. दोन वर्ग मिळाले तर तिघं मुलं एका वर्गात आणि शेजारच्या वर्गात ते दोन जबाबदार. एक मोठा आणि एक मुलगा, अशी जोडी कुठल्याच खोलीत झोपवू नका, मग तो मोठा कितीही सज्जन असो. एकच हॉल असेल तर मुलांच्या सतरंज्या एका भिंतीला एकत्र, दोघे जबाबदार त्यांच्या आणि बाकी संघाच्या मध्ये, एक दिवा रात्रभर चालू. शाळेचं स्वच्छतागृह आवारात लांब असतं, तेव्हा मुलांनी जोडीने जायचं हे संध्याकाळीच सांगून टाका. पत्ते आणि बाटली निघते ती याच मुक्कामात. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गुटख्याची पुडी पुढे करणाऱ्या तुमच्या कोपरारक्षकाला हे कलम ठाऊक नसणार. बसमध्ये बसतानाच वाचून दाखवा.

गाडी. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात पोरं बसवून नेणं बंद करा. अंतिम सामना रात्री बारा-एकला संपतो, बक्षीस समारंभ त्याहून पुढे, आणि ड्रायव्हर पहाटेपासून जागा असतो. त्या रात्री निघू नका, सकाळी निघा.

आता प्रत्यक्ष खेळ. साठ किलोंचं पोर ऐंशी किलोंच्या बचावपटूंच्या साखळीत सापडतं तेव्हा दुखापत होते ती बहुधा गुडघ्याला, घोट्याला आणि खांद्याला. तिघांची साखळी एकाच वेळी वरून कोसळते आणि पाय खाली अडकलेला राहतो, हा नेहमीचा प्रकार. म्हणून संघात घेताना वयापेक्षा वजन आणि मानेची-पोटाची ताकद बघा. पहिल्या हंगामात त्याला लोण चढायला, म्हणजे सगळा संघ बाद व्हायला, आलेला असताना, समोर सातही जण उभे असताना चढाईला पाठवू नका. गळा आवळणं, पायांची कैची घालणं हे नियमात बसत नाही. पंचांनी दुर्लक्ष केलं तर कप्तानाने तिथेच दाद मागायची, ‘मोठ्यांच्यात आलाय, सोसायला शीक’ म्हणायचं नाही.

उचलून डोक्यावर आपटलेल्या मुलाला मान दुखतेय, हातपायांना मुंग्या येतायत, अशी तक्रार असेल तर दोघांनी काखेत धरून बाहेर न्यायचं नाही. आहे तसा पडू द्या, एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, १०८ ला फोन करा. सामना थांबेल. थांबू द्या.

आणि वजनी गटाची स्पर्धा असेल तेव्हा आदल्या दोन दिवसांत पोरांना उपाशी ठेवून, स्वेटर घालून पळवून दोन किलो उतरवण्याचे सल्ले मोठे खेळाडूच देतात. सोळाव्या वर्षी हे करू देऊ नका. पाणी तुटलेलं पोर संध्याकाळच्या सामन्यात पेटके येऊन पडतं किंवा चक्कर येऊन. वजनात बसत नसेल तर वरच्या गटात खेळेल, नाहीतर बसेल.

मी २४ वर्षांचा आहे, क्लबमध्ये खेळतो. संघात दोन पंधरा वर्षांची मुलं आहेत. सराव संपल्यावर एक जण बाइकवर घरी सोडायला सांगतो. अलीकडे इतकं काही ऐकू येतं की पाठीवर थाप मारायलाही भीती वाटते. आम्ही वागायचं कसं?
— एक खेळाडू, पुणे

घाबरू नका, उघड्यावर वागा. पाठीवर थाप मैदानात, सगळ्यांसमोर मारता येते. ग्रिप किंवा खांदा दुरुस्त करायचा तर ‘हात धरून दाखवू का?’ एवढं विचारा, आणि नेटच्या मागे कुणी दिसत नसताना ते करू नका.

बाइकवर सोडायचं असेल तर त्याच्या आईवडिलांचा होकार त्यांच्याच तोंडून घ्या. मुलगा म्हणतो म्हणून नाही. निघताना आणि पोचल्यावर त्यांना मेसेज करा. रोजचं होऊ देऊ नका, आणि वाटेत चहाला, खोलीवर, कुठेही थांबू नका. दोघं मुलं एकाच बाजूला राहत असतील तर रिक्षा करून द्या, तेच बरं. त्याच्याशी व्हॉट्सॲपवर एकट्याने बोलणं टाळा. सरावाची वेळ बदलली तर पालक असलेल्या ग्रुपवर टाका.

मस्करीचं तेवढं बघा. नव्याला बकरा बनवणं, सगळ्यांच्या किटबॅगा उचलायला लावणं, त्याच्या अंगावरून, रंगावरून, मिसरुडावरून बोलणं, पहिल्या अर्धशतकाची ‘पार्टी’ मागणं. तुमच्या वयाला यातून उलट बोलून सुटता येतं. त्याला येत नाही, तो हसतो आणि पुढच्या रविवारी पोटात दुखतं म्हणून घरी राहतो. असं दिसलं तर त्या मुलाशी नाही, मस्करी करणाऱ्याशी बोला.

माझी मुलगी १५ वर्षांची आहे, महिलांच्या खुल्या संघात खेळते. संघाचे व्यवस्थापक तिला रात्री अकरानंतर मेसेज करतात. आधी ‘डाएट’बद्दल होते, आता फोटो मागतात, ‘आईला सांगू नकोस, संघातून नाव जाईल’ असं लिहिलं आहे. हे मला कालच कळलं. क्लबचे लोक म्हणतात, आधी आपापसात मिटवू.
— एक आई, कोल्हापूर

मिटवायचं नाही. आणि तुम्ही त्या माणसाला फोन करून जाबही विचारू नका. तो लगेच मेसेज पुसून टाकेल.

मुलीला आधी सांगा की तिचं काही चुकलेलं नाही आणि खेळ बंद होणार नाही. या दोन भीतींमुळेच मुली महिनोन्‌महिने गप्प राहतात. मग ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून काढा. खोदून खोदून, फिरवून फिरवून विचारू नका आणि चार नातेवाइकांसमोर पुन्हा सांगायला लावू नका. मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. चॅट पुसू नका, नंबर इतक्यात ब्लॉक करू नका, फोन विकू-बदलू नका. तिने एखादा आक्षेपार्ह फोटो पाठवला असेल तर तो कुणालाही, पुरावा म्हणूनसुद्धा, फॉरवर्ड करू नका. अल्पवयीन मुलाचं तसं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. फोन तसाच पोलिसांना दाखवा.

लैंगिक हेतूने मुलाशी वारंवार संपर्क साधणं, मग ते फोनवर का असेना, हा पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम ११ प्रमाणे लैंगिक छळ आहे. कलम १२ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे जा. १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर किंवा ११२ वर फोन केला तरी चालतो. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना. रात्री मुलीला ठाण्यात थांबवता येत नाही. तिचं नाव, शाळा, फोटो वर्तमानपत्रात छापता येत नाही. हे सगळं कायद्यातच आहे. मागून घ्या.

क्लबच्या लोकांना एवढंच सांगा. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणारा संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही. समितीने आधी ‘चौकशी’ करायची, दोघांना समोरासमोर बसवायचं, हे समितीचं काम नाही. तिचं काम त्या माणसाला त्याच दिवशी मुलांपासून दूर करणं, आणि संघातली मुलीची जागा राखणं.

इथल्या क्लबने माझ्या १३ वर्षांच्या मुलाला शनिवारच्या मोठ्यांच्या संघात घेण्याआधी दोन पानी फॉर्म भरायला लावला. डोंबिवलीत आम्ही विचारल्याशिवाय कुठेही खेळलो. एवढा कागद कशाला?
— एक वाचक, लेस्टर

फॉर्ममध्ये बहुधा तीनच कामाच्या गोष्टी असतील: मुलाच्या तब्येतीची माहिती, मोठ्यांबरोबर खेळायला तुमची संमती आणि ड्रेसिंग रूम मोठ्यांसोबत वापरायला संमती. तिसरी देणं सक्तीचं नाही. मुलगा घरूनच कपडे घालून येईल, असं लिहून द्या. क्लबचा सेफगार्डिंग ऑफिसर, म्हणजे मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस कोण, हे नाव आणि नंबर मुलाच्याही फोनमध्ये असू द्या.

एक गोष्ट मात्र तपासा. तिकडे इंग्लंडमध्ये वयाचा गट ठरतो तो हंगामाच्या आधीच्या ३१ ऑगस्टच्या वयावर. ऑक्टोबरमध्ये तेरा पूर्ण केलेला मुलगा पुढचा सगळा उन्हाळा १३ वर्षांखालीलच धरला जातो. म्हणजे क्षेत्ररक्षणात त्याला ८ नव्हे, ११ यार्डांचं अंतर, आणि गोलंदाज असेल तर सलग ५ षटकं. शनिवारच्या कप्तानाला वाढदिवस सांगून ठेवा, वय नको.